डोनोव्हनांचं मूळ गाव

सत्त्याण्णव साली आई माझ्याकडे नोव्हाय या गावी आली, तेव्हाची गंमत सांगतो. मला अमेरिकेत सातवं वर्ष लागलं होतं. शेजारचे आयरिश डोनोव्हन चहाला आले. आडनाव ऐकताच आईनं विचारलं, "मूळ गाव कुठलं?" दुभाषा अर्थात मीच.

"आयर्लंडमधलं कॉर्क. बटाट्याचं पीक कुजलं, तेव्हा खापरपणजोबा बोटीत बसले."

"मग गावी जाता की नाही?"

"कुणीच परत गेलं नाही. खापरपणजोबा मात्र आईला 'दोन वर्षांत येतो' सांगून निघाले होते."

हे शेवटचं वाक्य मी गाळलं. म्हटलं, "आई, त्यांना अजून चहा हवाय."

आई जागची हलली नाही. "'मदर' आणि 'टू इयर्स' एवढं इंग्रजी मला येतं हो. तूही हेच सांगून निघाला होतास."