कॉम्रेड खोई यांच्या नावाची हजेरी

नाव: हुइन थी लाई, स्त्री. वय: ३४. काम: रॅच सेन गावसमितीत कारकून. राहणार: बाजारामागची पाचवी गल्ली, रॅच सेन.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, गावसमितीचे अध्यक्ष कॉम्रेड ट्रान वान खोई यांनी मी त्यांचा प्रबंध चोरल्याची व भर सभेत त्यांची बदनामी केल्याची तक्रार दिली आहे. प्रबंध मी कपाटातून घेतला, हे खरे आहे. तो त्यांचा आहे, हे खोटे आहे.

तीन वर्षांपूर्वी खोई उपाध्यक्ष होते. अध्यक्ष व्हायला प्रांताच्या पक्षशाळेचे प्रमाणपत्र लागते. वर्ग शनिवार-रविवार भरत. त्यांनी मला बोलावून सांगितले, "लाई, माझ्या जागी जाऊन बसत जा. नुसतं हजर म्हणायचं, बाकी काही नाही." माझी नोकरी कायम झालेली नव्हती. मी गेले. दीड वर्ष, तरीने नदी ओलांडून, शिकले.

पहिल्या दिवशी अध्यापक थुआन यांनी "ट्रान वान खोई" असे पुकारले. मी "हजर" म्हटले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "कॉम्रेड खोई, मिशा कधी उतरवल्यात?" वर्ग हसला. चाळिसांपैकी नऊजण माझ्यासारखेच दुसऱ्याच्या नावावर बसलेले होते, ते जरा जास्तच हसले. पुढे सगळे मला खोईदादाच म्हणू लागले.

पहिला महिना मी मागच्या बाकावर भरतकाम केले. मग एकदा थुआन सर म्हणाले, "लोकांना न विचारता केलेलं काम पक्षाचं नव्हे, सायबाचं." मी सुई ठेवली. पुढच्या शनिवारी पहिल्या बाकावर बसले. मला शिकायला आवडले, हेही लिहून घ्यावे.

शेवटचा प्रबंध आपल्या गावातल्या प्रश्नावर लिहायचा होता. मी आमच्या बाजारावर लिहिला. तो नदीकाठीच का हवा, आणि हलवायचाच झाला तर आधी विकणाऱ्यांना कसे विचारावे. माझी आई तिथे बत्तीस वर्षे सुकी मासळी विकते. तिलाही विचारूनच लिहिले. प्रबंध खोई यांच्या नावावर वर्गात पहिला आला, त्यांना प्रमाणपत्र मिळाले आणि ते अध्यक्ष झाले. शाळेच्या लाल शिक्क्याची प्रत खोई यांनी कचेरीतल्या काचेच्या कपाटात लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती बाहेरूनच दाखवत. वरची प्लास्टिकची पिशवी कधी फाडलेली नव्हती.

गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता बाजारात सभा झाली. बाजार महिनाअखेर पाडणार, असे अध्यक्षांनी वाचून दाखवले. आईने हात वर केला. ते म्हणाले, "मावशी, हे धोरण आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मला राग आला. अजूनही आहे. मी कचेरीत गेले. कपाटाला कुलूप नव्हते. परत येऊन सर्वांसमोर पिशवी फाडली आणि ध्वनिक्षेपकावर पान अकरा ते चौदा वाचले. दर पानाला "कॉम्रेड ट्रान वान खोई लिहितात" असे म्हटले. बदकवाली ओरडली, "अगं बाई! अध्यक्ष तर आपल्याच बाजूचे निघाले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पदरचा एक शब्दही मी घातला नाही. ही बदनामी कशी, ते त्यांनी सांगावे.

हवालदार लुक यांनी मला सुचवले, "ताई, कागद चुकून उचलला असं लिहू या. दोघांचंही निभावून जाईल." मला निभावून न्यायचे नाही. खोट्या हजेरीची शिक्षा मी घेईन. नोकरी जाईल, तेही ठाऊक आहे. आईशेजारी बसून मासळी विकेन, पण त्याला बाजार जागेवर हवा.

माझे म्हणणे एवढेच. प्रबंध अध्यक्षांचा असेल, तर त्यात लिहिल्याप्रमाणे वागावे आणि आदेश मागे घ्यावा. माझा असेल, तर प्रमाणपत्र शाळेला परत करावे. मग ते अध्यक्ष राहत नाहीत आणि आदेशावरची सही चालत नाही. दोन्हींपैकी कोणते, ते त्यांनी इथे येऊन माझ्यासमोर लिहून द्यावे.

हवालदार लुक यांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "वर्गात खोई यांच्या जागी बसले" असे होते, ते खोडायला लावून "शिकले" असे करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. खाली सही करते, या वेळी माझ्या नावाने.

हुइन थी लाई