जस्ताची पट्टी

माजं म्हायेर लोणंदकडचं, दिलं विट्याला. काय सांगू तुमाला, लगीन झालं आन् मालक घिऊन गेलं परमुलखात. तितं त्यांची गलाई, म्हंजी सोनं-चांदी गाळून चोख करायचं दुकान. गावाकडं चुलीम्होरं बसून भाकरी थापायची, तितं वट्यावर ष्टो, दिसभर हुबं ऱ्हायचं, भट्टीवरच्या समद्या गड्यांचं जेवान माज्याच हातचं. त्यात बाळंतपणं झाली, पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारून आल्या, आन् बाहात्तर सालचा दुष्काळ सरला तवा घोट्यावर जखम झाली. भरंना म्हंजी भरंना. हळद झाली, झाडपाला झाला, पू वाहायचा थांबंना, कोन म्हनलं पाय काढाय लागंल. लय रडले. माजी पोरं बारकी, पाय गेला तर त्यांच्या मागं कोन धावनार?

मग सांगलीला आलो. डॉक्टरीनबाई तरनी, पन बोलनं खनखनीत. म्हनल्या, शिरंतलं रगात वर चढंना, खालीच साचतंय, त्यानं कातडं फुटलंय, जस्ताच्या मलमाची पट्टी बोटापास्नं गुडघ्यापतुर आवळून बांधायची. जस्त म्हनल्याबरुबर मालक उठलंच, म्हनलं, आवं बाई, आमचा जल्म भट्टीवर गेला, जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की मानूस हुडहुडी भरून पडतंय, त्ये इख हिच्या जखमंवर? चल गं, उठ. मी काय उठले न्हाई. म्हनलं, मिरचीचा धूर नाकात गेला की ठसका लागतोय, म्हनून कालवनात मिरची घालायची सोडता व्हय? बाई हसल्या, म्हनल्या, बरुबर बोलती ही. मालक तोंड फुगवून भायेर जाऊन बसलं.

दर हप्त्याला जुनी पट्टी सोडून नवी बांधायची. बसलीस तर पाय वर, न्हाईतर चालायचं, हुबं ऱ्हायचं न्हाई, ही बाईंची ताकीद. मालक दर खेपंला वाकून बघायचं, कवा पाय काळा पडतोय आन् कवा मी सांगत हुतो म्हनतोय असं झालेलं. पन कडंकडनं गुलाबी कातडं धराय लागलं, आन् हळूहळू जखम भरली बगा! त्या दिशी मालकांच्या डोळ्याला पानी आलं.

म्होरल्या पौषात औंधाला यमाईच्या डोंगरावर गेले. कुनाचा हात धरला न्हाई. मालक मागं धापा टाकत. वर पोचून हाक मारली, आवं, या की, इख तुमच्या पायात चढलं का काय!

शिरा काय गेल्या न्हाईत, रोज साधी आवळपट्टी लागती, ती मालकच बांधत्यात. सैपाक आता ष्टुलावर बसून करते. पाय माजा हाय आन् माज्याखालीच हाय. यमाई समद्या बायांना असंच चालतं ठिवो.