मिशीवर पैज

बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचा कूलिंग टॉवर आज सुरुंग लावून पाडणार होते. सलूनच्या खिडकीशी म्हातारा गवंडी आणि त्याची बायको यांची जुंपली होती. न्हाव्याने कान टवकारले.

"माझ्या हातचं बांधकाम आहे ते! पडलं, तर ही मिशी उतरवीन."

"अहो, तुमच्या हातची स्वयंपाकघरातली फळी सुरुंगाशिवायच पडली होती."

"फळीचं काय घेऊन बसलीस!"

"आणि मिशी लग्नापासून टोचतेय."

भोंगा झाला, धडाडधूम झालं आणि धूळ ओसरली तेव्हा खिडकीतलं आभाळ दुप्पट झालं होतं.

"पडला हो!"

"पडला नाही, खाली बसला. इतकी वर्षं उभा होता, दमला असेल."

"मग तुम्हीही बसा या खुर्चीत!"

न्हाव्याने वस्तरा केव्हाच परजून ठेवला होता.