शेवटच्या चिंधीची झाक

हॅलो?… कोण, चिमणी?… हो, आत्याच बोलतेय, दुसरं कोण असणार घरात… गच्चीवरच आहे मी. सकाळी दहापासून इथेच मुक्काम. डोक्यावर टॉवेल घेऊन तुझ्या दोन बाटल्यांची राखण करत बसलेय.

अगं हो, दोन्ही उन्हात आहेत. एक उघडी, दुसरी तुझ्या त्या काळ्या कागदात गुंडाळलेली… नाही सुटला कागद. वरून माझा लोकरीचा मोजा चढवलाय. उजेडाची बिशाद आहे आत शिरायची?

तू कुठे आहेस?… मालकांच्या ऑफिसात? आणि तुझे पीएचडीचे सर?… तेही समोरच. तरीच कुजबुजतेयस… बरं बरं, सांग.

हं… हं… चारला निघणार मालक? आणि त्याआधी हो की नाही ते सांगून टाकणार?… म्हणजे तुझी सांडपाण्याची टाकी आमच्या रंगाच्या कारखान्यात बसणार की नाही, ते आत्ता ठरणार. आणि नाही म्हणाले तर?… नवा विषय? अगं, दोन वर्षं घातलीस तू पाण्याचा रंग घालवणाऱ्या त्या पुडीत… हो, हो, नाही घाबरवत. तूच घाबरलीयस, मी कशाला घाबरवू.

विचार, काय विचारायचंय ते… उघड्या बाटलीतलं पाणी? ओळखू येणार नाही. कारखान्याच्या नाल्यातून आणलंस तेव्हा नुसती शाई होती. आता आरपार पलीकडची कुंडी दिसतेय… मग? आत्याने तीस वर्षं कापडाला रंग चढवला, भाची आता पाण्याचा उतरवतेय. घरच्या घरात फिटलं म्हणायचं.

फोटो?… या बटणांच्या फोनात कुठला आलाय फोटो. चिंध्या आहेत की पण… अगं चिंध्या. कोऱ्या कापडाच्या. दर तासाला एक बुडवायची, पिळायची, दोरीला लावायची. रंगाऱ्याचा हात आहे बाई, नुसतं पाण्याकडे बघून चैन पडत नाही…



ओरडू नकोस, सर ऐकतायत… कापड रंग पितं, हे मला सांगतेस? पोट भरलंय त्यावर माझं… म्हणजे सर म्हणतील, रंग पुडीने नाही, आत्याच्या चिंध्यांनी खाल्ला?… अगं ऐक ना… ऐक तर. दोन्ही बाटल्यांत बुडवल्यात मी… हो, दोन्ही. तेवढाच तुकडा, तेवढाच वेळ, वीस आकडे मोजून.

झाकलेलीत कशी म्हणजे? जिन्याखालच्या खोलीत नेली, दार लावलं, अंधारात चाचपडत बुडवली. तीनदा डोकं आपटलं, पण तुझ्या बाटलीला उजेड लागू दिला नाही… आता तूच सांग, चिंध्यांनी खाल्ला असता तर दोन्हीकडचा सारखाच खाल्ला असता ना?… मग तेच सांग सरांना. मी आहे फोनवर.

…

हं, बोल… हो, दोरीवर दोन ओळी आहेत. वाचून दाखवू?

खालची ओळ अंधारातल्या बाटलीची. दहाची चिंधी गडद निळी. अकराची थोडी उतरलेली, तुझी पूड अंधारातही घोटभर प्यायलेली दिसतेय. मग बाराची, एकची, दोनची, तीनची, सगळ्या अकराच्या सख्ख्या बहिणी. उगीच इकडेतिकडे.

वरची ओळ उन्हातल्या बाटलीची. दहाची तीच, गडद निळी. अकराची मोरपंखी. बाराची आकाशी. एकची धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशासारखी. दोनची… लिहून घेतायत सर? मग सावकाश सांगते. दोनची अगदी पुसट.

आता काय म्हणतात?… रंग पुडीला चिकटून बसला असेल? सर शिकलेले आहेत गं, पण रंगाच्या बादलीत हात घातलेला दिसत नाही कधी. चिकटला असता तर पूड निळी नको व्हायला?… थांब, बघते. फोन खांद्याला धरते… हं. उघड्या बाटलीच्या तळाची पूड काडीने काढून घेतली बोटावर. फिकट पिवळीच आहे, सकाळी टाकलीस तशी. निळ्याचा ठिपका नाही. ऊन लागलं की तुझी ती धातूची पूड जागी होते आणि रंगाचे तुकडे करते, असंच सांगितलं होतंस ना?… मग झालं. रंग लपला नाही, मोडला.

हो गं बाई, रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, पुढच्या तपासण्या राहिल्यात. नाही पिणार मी.

तीनची?… तीनचीला अजून झाक आहे. निळसर. तुला दिसणार नाही, मला दिसते… नाही, पांढरी नाही म्हणणार मी… रुसलीस तरी नाही.

काय?… मालक फोन मागतायत? दे की.

नमस्कार, मालक… हो, मीच… गुडघे आहेत आपले, कुरकुरतात… अजून आठवतं तुम्हाला? ‘कोरं ठाण दाखवलं तरी बाई झाक काढणार.’ अख्खा कारखाना हसायचा मला… खरंय. तीस वर्षांत पांढरं म्हणून एकदाही सही केली नाही. कधी दुधी, कधी राखी, कधी पिवळट. दिसेल ते सांगायचं, पगार त्याचाच होता.

साडेतीन वाजले ना? मग आत्ता बुडवते, तुमच्या कानादेखत… बुडवली. मोजतेय… नऊ, दहा… ऊन चांगलं आहे अजून… अठरा, एकोणीस, वीस. पिळली. थांबा, सावलीत नेते, उन्हात डोळा फसतो… चष्मा पुसू द्या…

उलटून बघतेय, मालक. घाई करू नका.

…

पांढरी.

हो… पांढरी म्हणाले मी… झाक? नाही. शोधली. दोन्ही बाजूंनी शोधली, नाहीये.

हॅलो?… हसताय होय?… बसवा म्हणताय टाकी? अहो, मला काय सांगता, समोर उभी आहे तिला सांगा… चिंध्या ना? उद्या दोरीसकट घेऊन येते. क्रम मात्र कुणी बदलायचा नाही.

हं, चिमणे… अगं रडतेस काय, सर बघतायत… काय म्हणालीस?… तुझ्यासाठी म्हणाले असेन?

ऐक. तुझ्यासाठी मी भर उन्हात सहा तास बसेन, अंधारात डोकं आपटून घेईन. झाक नाही लपवणार. तीनची लपवली का?… मग. खरंच पांढरी आहे ती. मीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

चल, ठेवते. नीट बघू दे मला जरा.