रविवारच्या आत चार हाफ शर्ट

बायको: ...तेच म्हणतेय मी मघापासून. एवढ्या उकाड्यात गळ्यापासून मनगटापर्यंत गुंडाळून घ्यायचं म्हणजे काय! दादा, तुम्ही दाखवा हो यांना हाफ शर्ट. यांचं ऐकू नका.

नवरा: दाखवू देत. बघायला काय जातंय? पण घेणार नाही.

दुकानदार: नका घेऊ, सर. नुसते बघा. बघायला आपल्याकडे बंदी नाही. काकू, तुम्ही इकडे पंख्याखाली या. हां, आता हा बघा. शुद्ध सुती, वीण मोकळी. उजेडाकडे धरलात तर पलीकडचा माणूस दिसतो. अंगावर मात्र आरपार दिसत नाही, ती काळजी सोडा.

नवरा: आणि हा रंग?

दुकानदार: पिस्ता. यंदा सगळे हाच नेतायत.

नवरा: माझ्या वयाचे?

दुकानदार: तुमच्याच वयाचे जास्त. पोरं बघा, काळे शर्ट घालून उन्हात हिंडतात. अक्कल नाही.

बायको: घ्या. ऐका जरा.

नवरा: बत्तीस वर्षं मी केमिस्ट्री शिकवली. प्रयोगशाळेत पोरं आली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. बाह्या पूर्ण, बटणं बंद, ॲसिडला गंमत कळत नाही. आणि आता मीच दंड उघडे टाकून फिरू?

बायको: निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता घरात ॲसिड आहे ते फक्त संडास धुवायचं, आणि तेही मीच वापरते.

दुकानदार: सर, राग नका मानू, पण हाफ शर्टानं माणूस पोरकट दिसतो ना, तो बाहीमुळे. बाही कोपराच्या वर चार बोटं संपली पाहिजे. कोपरावर आली की थोरल्या भावाचा शर्ट घालून आल्यासारखं वाटतं. आणि घेर? दंडाभोवती दोन बोटं जातील इतकाच. जास्त ठेवला की दोन्हीकडे छत्र्या.

नवरा: ऐकलंस? छत्र्या.

बायको: ऐकलं.

नवरा: हिनं माझा चांगला पांढरा शर्ट कापला. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. निरोप समारंभाचा शर्ट होता तो.

बायको: मला वाटलं, कोपरापाशी बाह्या कापायच्या, दुमडून टीप मारायची, झाला हाफ शर्ट. त्यात एवढं काय असणार?

दुकानदार: काकू, असं नाही होत. हाफ शर्ट मुळात बेततातच वेगळा. कापला तो गेला.

बायको: आता कळलं. पण मी तरी काय करू? हाताशी दिवस उरलेत किती? रविवारी निघायचंय मला.

दुकानदार: कुठं बाहेरगावी?

बायको: मुलीकडे. सातवा महिना आहे. डॉक्टरांनी तिला उठू नको म्हणून सांगितलंय, पडूनच राहायचं. जावई सकाळी सातला घर सोडतो तो अंधार पडल्यावर येतो. दिवसभर पोर एकटी. तीन महिने तरी राहावं लागेल मला.

दुकानदार: मग सरही येतायत का?

नवरा: सर इथंच. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सरांना एवढे जिने चढायची परवानगी नाही.

बायको: यांना आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला होता, दादा. पाय आला बराच सुधारत. बोलणं तर तुम्ही ऐकताच आहात, पहिल्यापेक्षा जास्तच. पण डावा हात अजून...

नवरा: सगळी फाइलच वाचून दाखव.

बायको: त्यांना कळायला नको? उगाच का मी हाफ शर्टाच्या मागे लागलेय? डाव्या हाताची बोटं वळतात, दादा, पण पकड नाही. डाव्या मनगटाचं बटण उजव्या हातानं लागेल. उजव्या मनगटाचं कोण लावणार? ते मी लावते. समोरचीही मीच लावते. सात बटणं आणि दोन कफ, रोज सकाळी. म्हटलं, निदान ते कफ तरी जातील.

नवरा: समोरची सात राहतातच. म्हणून म्हणतो, उगाच खर्च.

बायको: बघा. असं चाललंय दीड महिना. जाऊ नकोस असं तोंडानं म्हणायचं नाही, पण रोज काहीतरी अडतं. परवा दुधाची पिशवी कापता येत नाही. काल गॅस पेटवता येत नाही. आज शर्ट. आणि तिकडून मुलगी रोज विचारते, आई, येतेस ना? आज संध्याकाळी तिला नक्की काय ते सांगायचंय मला. येते म्हणून, नाहीतर येत नाही म्हणून.

दुकानदार: मग काकू, मी जरा विचार करून काढतो शर्ट. थांबा. हा राखाडी नको, यात घाम उठतो आणि पाठीवर नकाशा दिसतो. आता हे तीन बघा. कॉलर मऊ आहे, कडक इस्त्री लागत नाही. बटणं नेहमीपेक्षा मोठी. आणि खालून सरळ कापलेले, म्हणजे बाहेरच सोडायचे. पँटमध्ये खोचायची कटकट नाही.

नवरा: बाहेर? मी?

बायको: तुम्ही. कोण तपासायला येणार आहे?

नवरा: तो खालचा कुठला?

दुकानदार: हा? हा लिननचा. गडद निळा, बारीक पांढरी रेघ.

नवरा: उभी रेघ?

दुकानदार: उभीच. आडवी मी तुम्हाला दाखवणारच नाही, पोट पुढे येतं.

नवरा: जरा इकडे द्या... कापड बरं आहे. थंड लागतं हाताला. खिसा एकच?

दुकानदार: एकच, पण आतून पट्टी आहे. पेन अडकवलंत तरी लोंबणार नाही.

नवरा: हं.

बायको: घालून बघा ना.

नवरा: बघतो. नुसता खांद्यावर टाकून.

बायको: मी येते आत, बटणं लावायला.

नवरा: त्या कपाटात दोघं मावायचे नाहीत. थांब इथंच.

(शर्ट घेऊन नवरा ट्रायल रूममध्ये जातो. पडदा सरकतो.)

बायको: अहो, अडलं तर हाक मारा! ...ऐकू गेलं का हो त्यांना?

दुकानदार: गेलं असणार. बसा, काकू. इथून चार पावलांवर तर आहेत.

बायको: सवय लागलीये. आठ महिने झाले, बंद दाराआड गेले की माझे कान तिकडेच.

दुकानदार: साहजिक आहे.

बायको: खरं सांगू का? मी यांच्यावर चिडते, पण मलाही कळत नाही काय करावं. तिकडे पहिलटकरीण पोर एकटी पडलीये. इकडे हे. कुणालाही सोडलं तरी माझ्या जिवाला चैन पडणार नाही. पोरगी शहाणी आहे, म्हणते, आई, बाबांना जमत नसेल तर राहू दे. पण म्हणताना आवाज कसा होतो ते मला कळतं ना.

दुकानदार: सरांनाही कळत असेल, काकू.

बायको: कळतं हो. फोन ठेवला की उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात.

(नवरा पडदा सारून बाहेर येतो.)

नवरा: आरसा कुठाय? हा एवढाच? थांबा, मागे सरकतो. हां... खांदा बरोबर बसलाय. बाही बघू. एक, दोन, तीन, चार. बरोबर चार बोटं! तुम्ही म्हणालात तसंच. अगं, बघ की इकडे. शोभतो का? जरा तरणा दिसतोय की नाही? काय झालं?

बायको: बटणं.

नवरा: बटणांचं काय?

बायको: कोणी लावली?

नवरा: ...लागली.

बायको: लागली म्हणजे? सातच्या सात लागली. अगदी कॉलरखालचंसुद्धा. दोन मिनिटांत, एका हातानं.

नवरा: काजं सैल आहेत या शर्टाची.

बायको: दादा, काजं सैल आहेत?

दुकानदार: काकू, मी काय म्हणतो, मी जरा पाणी घेऊन येतो...

बायको: पाणी नको. सांगा.

दुकानदार: नवीन कपडा आहे, काकू. नवीन कपड्याची काजं घट्टच असतात. माफ करा हं, सर.

नवरा: तुमचा काही दोष नाही.

बायको: कधीपासून लावता येतात?

नवरा: दीड महिना झाला असेल.

बायको: दीड महिना! आणि मी चहाचं आधण सोडून पळत येते, तेव्हा तुम्ही दोन्ही हात खाली सोडून उभे. माझ्या तोंडाकडे बघत. गॅस?

नवरा: पेटवता येतो.

बायको: दुधाची पिशवी?

नवरा: दातांनी.

बायको: दातांनी! अहो, पोर तिकडे माझी वाट बघतेय, मी इथं रोज जीव टांगणीला लावून बसलेय, आणि तुम्ही नाटक करत होतात?

नवरा: नाटक नव्हतं गं.

बायको: मग काय होतं?

दुकानदार: मी आत गोदामात जातो, सर. तुम्ही बोला.

नवरा: राहू द्या. आता काय लपवायचं राहिलंय? बस तू. मीही बसतो. झटका आला त्या दिवशी बाथरूममध्ये पडलो तेव्हा मी तुला हाका मारत होतो. तुला माहीत नाही ते. माझ्या मते मी ओरडत होतो, आणि तोंडातून आवाजच फुटत नव्हता. पायानं बादली लवंडली म्हणून तू आलीस. नुसती बादली लवंडली म्हणून. ती पायाशी नसती तर? तू भाजीला गेली असतीस तर?

बायको: नव्हते ना गेले.

नवरा: नव्हतीस. पण अजून रोज सकाळी त्या दाराशी मी आधी थांबून कानोसा घेतो. बाहेर तुझा भांड्यांचा आवाज चालू असतो, त्याच्या जोरावर मी आंघोळ करतो. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. आणि जाऊ नकोस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? बाप आहे मी तिचा. ते म्हणवेना, म्हणून बटणं.

बायको: मला सांगायचंत.

नवरा: कसं सांगणार? पोरांना सांगत आलो, घाबरला की हात थरथरतो आणि हात थरथरला की नळी फुटते. आणि मी स्वतः बादलीला घाबरतो.

बायको: अहो, मीही घाबरते. मी काय लोखंडाची आहे? तुम्ही आत असलात की मी मुद्दाम भांडी वाजवते. त्या आवाजात तुमची हाक ऐकू यायची नाही म्हणून मधूनच थांबते, पुन्हा वाजवते.

नवरा: मुद्दाम?

बायको: मुद्दाम. सगळी घासलेलीच असतात ती.

नवरा: आणि मी म्हणायचो, ही बाई एवढी आपटते का.

बायको: पुसा ते डोळे. शर्टावर पाणी पडेल. अजून विकत घेतलेला नाही.

दुकानदार: पडू द्या, काकू. तो सरांचाच झाला आता.

बायको: पण मला एक कळत नाही. दीड महिना एवढं सोंग निभावलंत, मग आज कसे चुकलात?

नवरा: शर्ट आवडला गं. आत घातला, वाटलं आपल्याला बरा दिसतोय. आरसा बाहेर. कधी एकदा बघतो असं झालं. हात आपोआप चालला. बाहेर येऊन तुझा चेहरा बघितला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो.

बायको: हसू की रडू तेच समजत नाही मला.

नवरा: दोन्ही कर. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही.

दुकानदार: सर, मी मध्ये बोलू का? तुमच्या घरच्या गोष्टीत लहान तोंडी मोठा घास नको, पण माझ्या वडलांचं असंच झालं होतं, तेव्हा आम्ही बाथरूमची कडी काढूनच टाकली. आणि आत बसायला स्टूल ठेवलं. बसून आंघोळ केली की निम्मी भीती जाते.

बायको: स्टूल आहे घरात. हे बसत नाहीत. म्हणतात, म्हाताऱ्यासारखं दिसतं.

नवरा: बसेन.

बायको: कडी?

नवरा: काढ. आणि एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या ताईंना देऊन जा.

बायको: देऊन जा म्हणजे?

नवरा: म्हणजे तू जा. संध्याकाळपर्यंत कशाला थांबतेस? घरी गेलो की लगेच फोन कर तिला. सांग, आई येतेय.

बायको: नक्की? पुन्हा गाडीत बसल्यावर मला ऐकायचं नाही, की चप्पल घालता येत नाही.

नवरा: चप्पल कधीच अडली नव्हती. तेवढं सुचलंच नाही.

बायको: बघा हो यांचं, दादा!

दुकानदार: बघतोय. किती शर्ट देऊ, सर?

नवरा: हा निळा अंगावरच राहू दे. तो पिस्ता द्या.

बायको: पिस्ता? मघाशी तर नाक मुरडलंत.

नवरा: मघाशी मी अडचणी शोधत होतो. आणि अजून दोन, तुम्हीच निवडा. एक धुवायला, एक वाळत, एक अंगात, एक हाताशी. चार.

दुकानदार: पांढरा आणि एक बारीक चौकडीचा देतो. काजं मी शिलाई मशीनवर थोडी मोकळी करून ठेवतो, उद्या न्या. मेहनत कशाला रोजची?

नवरा: बरं होईल. आणि हे बघ, तुला रोज सकाळी फोन करीन. आंघोळ झाली, शर्ट घातला, बटणं लावली, की पहिलं काम ते. बरोबर सात वाजता.

बायको: आणि सात वाजून गेले, तुमचा फोन आला नाही, तर?

नवरा: तर समज, जुना फुल शर्ट घातलाय आणि उजव्या कफाशी भांडण चाललंय.

बायको: थट्टा नको.

नवरा: बरं, नाही करत. सातला फोन आला नाही, तर तू ताईंना फोन कर. त्या किल्ली घेऊन वर येतील.

बायको: साडेसहाला करा. सातपर्यंत माझा धीर नाही निघायचा.