सेवेची आवड

(मुलुंड. ज्ञातीचा वधू-वर परिचय मेळावा चालू आहे. हॉलबाहेरच्या जिन्यावर दोघं भावंडं.)

मानसी : सेवेची आवड? एवढ्या लोकांसमोर, माईकवर?

हर्षद : मग काय सांगणार होतो, ताई? आधीच्या पोरी ट्रेकिंग, गिटार, भरतनाट्यम सांगून गेल्या. तूच म्हणालीस ना, मला भीती वाटते, तू बोल.

मानसी : नाव, शिक्षण, नोकरी, एवढंच बोलायचं ठरलं होतं.

हर्षद : त्या निवेदकाने मध्येच विचारलं, मुलीच्या आवडीनिवडी काय? सुचलं ते बोललो. आईचं चार वर्षं सगळं हिनेच केलं, हिला आजारी माणसाच्या सेवेची फार आवड. टाळ्या पडल्या, ऐकल्यास ना?

मानसी : ऐकल्या. लगेच दोन स्थळं पण आली. एकाच्या आईला अर्धांगवायू. दुसऱ्याच्या बहिणीने विचारलं, इंजेक्शन देता येतं का.

हर्षद : आली ना पण! गेल्या वर्षी कुत्रं फिरकलं नव्हतं.

सुगंधाकाकू (हॉलमधून जिन्यावर येत) : गो बाय, मानसी तूच मा? माका तू आवडलंस हां. तुझ्या भावान सांगल्यान, तेवाच मी झिलाक म्हटलंय, ह्या चेडू बरा.

हर्षद : नमस्कार काकू. बसा ना.

सुगंधाकाकू : बसूक नको. आमचे हे बिछान्यार आसत. माका एकटीक उचलूक जमणा नाय. बाय, तुझी कंबर बरी आसा मा?

मानसी : कंबर?

हर्षद : एकदम ठणठणीत! काकू, पाच मिनिटं द्या, आम्ही आत येतोच.

सुगंधाकाकू : या, या. मी थंयच बसतंय.

मानसी : कंबर विचारून गेली. मुलाचं नाव तरी सांगितलं का तिने?

हर्षद : चंद्रप्रकाश. मी काढलीये माहिती. बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट, माणूस निर्व्यसनी. चाळिशीत अजून काय पाहिजे, यार? सपना पण म्हणते, ताईचं आता मार्गी लागायला हवं. भांडुपच्या दोन खोल्यांत किती दिवस?

मानसी : अच्छा. तुझ्या बायकोला खोली हवीये.

हर्षद : तसं नाही गं.

मानसी : तसंच आहे. मी बालवाडीत दिवसभर चाळीस पोरं सांभाळते, मला कळतं कोण काय म्हणतंय. बरं, जा परत माईकवर. मला खरंच काय आवडतं ते सांगून ये.

हर्षद : सांगतो ना, त्यात काय! तुला रेडिओवरची जुनी गाणी...

मानसी : ती आई ऐकायची.

हर्षद : मग... हां, बांगडा! बांगड्याचं तिखलं. दर रविवारी करतेस. आज पण करून आलीस.

मानसी : मला खाताना बघितलंयस?

हर्षद : तू नंतर जेवतेस ना.

मानसी : आई पडली, तेव्हा देवाला बोलले होते, ती उठून बसेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. ती उठलीच नाही. तेरावं झालं, तुम्ही सगळे मासे खायला लागलात. मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, ताई, आता तू पण खा. कुणी म्हणालंच नाही.

हर्षद : मला काय स्वप्न पडणार होतं? सांगायचंस तरी!

मानसी : दीड वर्षं मी तुझ्या समोर उभी राहून तुला वाढतेय, हर्षद. अजून काय सांगायचं? राग येतो रे मला. तुझा येतो, माझा जास्त येतो.

हर्षद : ताई, हळू. त्या काकू दारातून बघतायत. त्यांना काय सांगू?

मानसी : सांग, बोलण्यात चूक झाली. हिला सेवेची आवड नव्हती. हिला आई आवडायची.