टोपी मास्तरांच्या डोक्यावर होती

मी, नाव माझ्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर, वय ४४, धंदा शिवणकाम, राहणार बाजाराच्या मागे, दुकानाच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील खोलीत मी आणि मास्तर अकरा वर्षं राहतो. मास्तर म्हणजे तलावावर पोरांना पोहायला शिकवतात ते. सध्या ते दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही चौघे गच्चीवरच्या बारमध्ये गेलो. तिथे आमच्यासारखी माणसं येतात. आमच्यासारखी म्हणजे कशी, असं हवालदारबाईंनी विचारलं. पुरुषांवर जीव असलेले पुरुष, असं सांगितलं. चौघांत मी, मास्तर, न्हावी आणि आत्याबाई. आत्याबाई पुरुष आहेत, बँकेतून निवृत्त. सगळ्यांना धाकात ठेवतात म्हणून हे नाव पडलं.

आमचे नियम आत्याबाईंचे. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. एका ग्लासानंतर एक ग्लास पाणी. डोळ्यांसमोर ओतलेली नसेल तर कुणाची घ्यायची नाही. आणि दर वेळी एकाने कोरडं राहायचं, म्हणजे प्यायचीच नाही. त्याने लाल टोपी घालायची, गाडी चालवायची, आणि बाकीचे नाचायला गेले की त्यांचे ग्लास सांभाळायचे. बाहेरचे हसतात, पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो.

त्या दिवशी कोरडा मी होतो. मास्तरांना टक्कल आहे आणि ऊन फार होतं. डोकं तापलं म्हणाले, म्हणून मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. न्हावी आणि आत्याबाई तेव्हा काउंटरवर होते. त्यांना सांगायचं राहिलं. मास्तरांनी एकच ग्लास घेतला होता, मी पाहिला आहे.

मग खालच्या दुकानदाराने गाडी काढायला सांगितली म्हणून मी खाली गेलो. पुढचं ऐकीव आहे. एका अनोळखी माणसाने न्हाव्याला ग्लास देऊ केला. नको म्हणणं न्हाव्याच्या जिवावर आलं. त्याने तो घेतला, पण न पिता टोपी बघून मास्तरांपुढे ठेवला आणि नाचायला गेला. सगळे ग्लास एकसारखे. मास्तरांनी आपला समजून तोच उचलला असावा. त्यात झोपेचं औषध होतं, असं डॉक्टर म्हणतात. ते न्हाव्यासाठी होतं की आणखी कुणासाठी, मला माहीत नाही. त्या माणसाचा चेहरा न्हाव्याला आठवत नाही. माझी उत्तरं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, हे मला कळतं.

मी वर आलो तेव्हा मास्तर झोकांड्या खात होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मास्तर कोरडे असले की दारुड्यांची नक्कल करतात, सगळ्यांना ठाऊक आहे. न्हावी म्हणाला, "बघ, आज मास्तर रंगात आलेत." मीही हसलो. टोपी खरी माझी आहे हे तिथे मला एकट्याला माहीत होतं, तरी हसलो. ते पडले आणि उठेनात, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी मीच दवाखान्यात नेली.

मास्तरांच्या भावाने मला वॉर्डाच्या दारात अडवलं. "तूच पाजलीस त्याला. तू कोण त्याचा?" असं तो म्हणाला. तेव्हापासून मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असतो, जबाबापुरता उठून इथे आलो. आत फक्त नातेवाईक सोडतात. मास्तरांना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा माझ्या खिशात आहे.

तक्रार कुणाविरुद्ध, असं विचारलं. ग्लास देणाऱ्या माणसाला शोधावं. भावाविरुद्ध माझी तक्रार नाही. मला आत जाऊ द्यावं, एवढं लिहून घ्यावं. ते पोलिसांच्या हातात नसतं, असं हवालदारबाई म्हणाल्या. तरी लिहा, म्हटलं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. रुग्णाशी नातं ही जागा बाईंनी कोरी सोडली होती. तिथे मी माझ्या हाताने "घरचा" असं लिहून खाली सही केली आहे.